मॅनिंगला बसवायचं की खेळवायचं? डेनव्हर ब्रॉन्कोज, हंगाम २०१५

१५ नोव्हेंबर २०१५ रोजी डेनव्हरच्या घरच्या मैदानावर कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्धच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात डेनव्हरचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा आणि पास टाकणारा खेळाडू, पेटन मॅनिंग याने २० पास टाकले. ५ आपल्या माणसांच्या हातात गेले, ४ विरोधकांच्या, बाकीचे वाया. एकूण कमाई, म्हणजे पासने पुढे सरकलेलं अंतर, ३५ यार्ड. त्याच सामन्यात त्याने कारकिर्दीतल्या एकूण पासिंग यार्डांचा ब्रेट फार्वचा ७१,८३८चा विक्रमही मोडला, कारण त्यासाठी त्याला त्या दिवशी फक्त ३ यार्ड हवे होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये कोच गॅरी क्युबियॅकने त्याला बाकावर बसवलं आणि ब्रॉक ऑस्वायलरला आत पाठवलं. मॅनिंग तेव्हा ३९ वर्षांचा, ऑस्वायलर २४चा. सामना २९-१३ असा हातचा गेला.

त्या रात्रीपासून पुढचे तीन महिने डेनव्हरमध्ये एकच वाद चालू होता: म्हाताऱ्याला पुन्हा खेळवायचं का? अमेरिकन फुटबॉलमध्ये हा वाद दर दोन-तीन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या शहरात पेटतो. पण अभ्यासाला हे प्रकरण सगळ्यात चांगलं, कारण इथे दोन्ही बाजूंचे मुद्दे एकाच वेळी खरे होते. मॅनिंग संपला होता हे बरोबर होतं. आणि त्याला खेळवणं बरोबर होतं, हेही बरोबर होतं.

शून्य रेटिंग म्हणजे नेमकं काय

त्या सामन्यातलं मॅनिंगचं पासर रेटिंग ०.० होतं. हा आकडा नुसता लाजिरवाणा म्हणून फिरवला गेला, पण तो कसा येतो हे पाहिलं तर वादातला अर्धा गोंधळ मिटतो.

रेटिंगचे चार भाग असतात: किती टक्के पास झेलले गेले, प्रत्येक प्रयत्नामागे किती यार्ड मिळाले, किती टक्के पासवर टचडाउन झालं (चेंडू विरोधकांच्या गोलरेषेपार गेला), आणि किती टक्के पास इंटरसेप्ट झाले (विरोधकांनी झेलले). प्रत्येक भागाला कमीत कमी ० आणि जास्तीत जास्त २.३७५ गुण. चारही गुणांची बेरीज करायची, ६ने भागायची, १००ने गुणायची. कमाल १५८.३ येते. झेललेल्या पासचं प्रमाण ३० टक्क्यांखाली गेलं की पहिल्या भागाचे गुण शून्य, प्रयत्नामागे ३ यार्डांहून कमी मिळाले की दुसऱ्याचे शून्य, एकही टचडाउन नसेल तर तिसऱ्याचे शून्य, आणि इंटरसेप्शन ९.५ टक्क्यांच्या वर गेले की चौथ्याचेही शून्य. मॅनिंगचे त्या दिवशीचे आकडे होते २५ टक्के, १.७५ यार्ड, ० टचडाउन, २० टक्के इंटरसेप्शन. चारही खांब कोसळलेले.

आता गंमत पाहा. एखाद्या क्वार्टरबॅकने सामनाभर प्रत्येक पास रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) पायाशी जमिनीवर आपटला तर त्याचं रेटिंग ३९.६ येतं, कारण इंटरसेप्शनच्या भागाचे पूर्ण गुण मिळतात. म्हणजे त्या दिवशी मॅनिंगने काहीच केलं नसतं तर ते जास्त चांगलं ठरलं असतं. पुढचं सगळं प्रकरण या वाक्याभोवती फिरतं, म्हणून ते ध्यानात ठेवा.

इथवर गाडी कशी आली

मॅनिंग १९९८ साली इंडियानापोलिस कोल्ट्सकडे आला तो त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतला, पहिला खेळाडू म्हणून. मानेच्या दुखण्यामुळे एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, सप्टेंबर २०११मध्ये मानेचे मणके जोडावे लागले आणि तो अख्खा हंगाम वाया गेला. मज्जातंतूला इजा झाल्यामुळे उजव्या हाताची ताकद गेली होती. ती काही अंशी परत आली, पण बोटांच्या टोकांची संवेदना नीट आलीच नाही. फेकायच्या हातात तो ग्लोव्ह घालायचा तो चेंडूवरची पकड टिकावी म्हणून. मार्च २०१२मध्ये कोल्ट्सने त्याला मोकळं केलं, डेनव्हरने ५ वर्षांसाठी ९ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला.

२०१३ साली त्याने ५५ टचडाउन पास आणि ५,४७७ यार्ड असा एका हंगामाचा विक्रम केला. आणि त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, सिअॅटलने डेनव्हरला ४३-८ असं धुतलं. डेनव्हरचा कारभार पाहणारा जॉन एल्वे हा स्वतः जुना क्वार्टरबॅक. आपल्या पहिल्या तीन सुपर बोलमध्ये हरलेला, मग ३७व्या आणि ३८व्या वर्षी लागोपाठ दोन जिंकून निवृत्त झालेला. ते दोन्ही जिंकले तेव्हा त्याच्या मागे टेरेल डेव्हिससारखा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) होता. उतारवयात क्वार्टरबॅकच्या खांद्यावरचं ओझं काढावं लागतं, हा धडा त्याने अंगावर शिकलेला. मार्च २०१४मध्ये त्याने डिमार्कस वेअर, अकीब तालिब आणि टी. जे. वॉर्ड असे तीन बचावपटू आणले. ऑफेन्स (आक्रमण) विक्रमी असताना पैसा डिफेन्सवर (बचावावर) ओतला. तेव्हा हे अनेकांना उलटं वाटलं होतं.

२०१४च्या शेवटी मॅनिंगच्या मांडीला दुखापत झाली आणि प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) घरच्याच मैदानावर कोल्ट्सने २४-१३ असं हरवलं. कोच जॉन फॉक्स गेला, क्युबियॅक आला. हा क्युबियॅक म्हणजे खेळाडू म्हणून नऊ हंगाम एल्वेचा राखीव क्वार्टरबॅक. बाकावर बसणं म्हणजे काय आणि मोठ्या नावाला बसवणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं जवळून पाहिलेला दुसरा कोच शोधून मिळाला नसता. मॅनिंगचा पगार १ कोटी ९० लाखांवरून १ कोटी ५० लाखांवर आला. कापलेले ४० लाख परत मिळवायची सोय करारात होती: एएफसीचं (लीगच्या दोन गटांपैकी डेनव्हरच्या गटाचं) विजेतेपद मिळालं तर २० लाख, सुपर बोल जिंकला तर आणखी २० लाख. करारात टचडाउनवर बक्षीस नव्हतं, विजेतेपदावर होतं. कारभाऱ्यांना त्याच्याकडून काय हवंय ते कागदावर इतकं स्वच्छ लिहिलेलं असूनही चाहते यार्ड मोजत बसले.

साच्यात न बसणारा माणूस

क्युबियॅकच्या पद्धतीत क्वार्टरबॅक सेंटरच्या (चेंडू मागे देऊन खेळी सुरू करणाऱ्याच्या) अगदी मागे उभा राहतो, चेंडू हातात घेऊन डिफेन्सकडे पाठ करून वळतो, रनिंग बॅकला चेंडू दिल्याचा आव आणतो आणि उलट बाजूला धावत सुटून धावता धावता पास टाकतो. याला बूटलेग म्हणतात. तरुण, चपळ पोरासाठी ही पद्धत सोन्यासारखी, कारण रन आणि पास सुरुवातीला सारखेच दिसतात आणि डिफेन्सचा अंदाज चुकतो.

मॅनिंगची उभी कारकीर्द शॉटगनमध्ये गेली होती. सेंटरपासून पाचेक यार्ड मागे उभं राहायचं, समोरचा डिफेन्स वाचायचा, ओरडून खेळी बदलायची ("ओमाहा" हा त्याचा पुकारा अमेरिकेत पोराटोरांना पाठ होता) आणि दोन-अडीच सेकंदांत चेंडू सोडायचा. मान जोडलेल्या ३९ वर्षांच्या माणसाला डिफेन्सकडे पाठ फिरवायला लावणं म्हणजे त्याचे डोळे काढून घेणं. डोळे हेच त्याचं उरलेलं भांडवल होतं.

मग शॉटगनच का नाही चालवली? शॉटगनमध्ये रनिंग बॅक क्वार्टरबॅकच्या शेजारी उभा असतो, त्याला आडवं सुटावं लागतं आणि रनिंगचा वेग मरतो. तोडगा म्हणून पिस्टल आलं: क्वार्टरबॅक चार यार्ड मागे आणि रनिंग बॅक त्याच्या थेट पाठीमागे. मॅनिंगला समोर पाहता येतं आणि सी. जे. अँडरसन किंवा रॉनी हिलमनला सरळ धाव घेऊन येता येतं. तडजोड चांगली होती, पण पूर्ण बसायला निम्मा हंगाम गेला. त्यात मे महिन्यात लेफ्ट टॅकल रायन क्लेडीच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, म्हणजे क्वार्टरबॅकची आंधळी बाजू सांभाळणारा माणूसच गेला. क्वार्टरबॅकचं रक्षण करणारी फळी जवळपास नव्याने उभी करावी लागली. "मॅनिंग वाईट खेळतोय" या एका वाक्यात वय, दुखापत, पद्धत आणि फळी अशा चार गोष्टी कोंबल्या जात होत्या.

१५ यार्डांचा पास ३५ यार्ड उडतो

हातातलं बळ गेलं की आधी काय मोडतं? लोकांना वाटतं, लांब पास. प्रत्यक्षात लांब पास उंच सोडता येतो, रिसीव्हर खाली धावत जाऊन तो गाठतो. आधी मोडतो तो आउट, म्हणजे रिसीव्हर १५ यार्ड सरळ पळून बाहेरच्या रेषेकडे काटकोनात वळतो तेव्हा टाकायचा पास.

हिशोब करून पाहू. मैदानाची रुंदी १६० फूट. चेंडू डाव्या हॅशवर (मैदानाच्या मधल्या खुणांच्या डाव्या ओळीवर) असेल तर उजवी कडरेषा तिथून ८९ फुटांवर, म्हणजे जवळपास ३० यार्ड. क्वार्टरबॅक खेळी सुरू होते त्या रेषेच्या ७ यार्ड मागे असेल तर खोली १५ अधिक ७, म्हणजे २२ यार्ड. कर्ण काढला तर ३७ येतो. रिसीव्हर कडरेषेच्या दोनेक यार्ड आत झेलणार असं धरलं तरी चेंडूला ३५ यार्ड उडायचंय. हवेचा रोध सोडून दिला तर ताशी ८८ किलोमीटर वेगाने त्याला १.३१ सेकंद लागतात, ताशी ८० वेगाने १.४४. फरक ०.१३ सेकंदाचा. तेवढ्यात सेकंदाला ८ यार्ड धावणारा बचावपटू एक यार्ड पुढे सरकतो. एक यार्ड म्हणजे रिसीव्हरच्या पाठीमागे असणं आणि त्याच्या पुढे हात घालणं यातलं अंतर. आणि तिथे चेंडू मिळाला तर बचावपटूसमोर थेट मोकळं मैदान असतं. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात बॉल्टिमोरच्या जिमी स्मिथने मॅनिंगचा पास पकडून तसाच टचडाउनपर्यंत नेला.

आता पाय. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय पुढे पडतो आणि खांबासारखा रोवला जातो. त्या रोवलेल्या पायावर कंबर फिरते, कंबरेमागून खांदा, खांद्यामागून हात. पुढचा पाय रोवलाच नाही तर सगळा जोर हातावर येतो आणि चेंडू तरंगत जातो. मॅनिंगच्या डाव्या तळपायाच्या पडद्याला सूज होती आणि तो अंशतः फाटला होता. ज्यांची सकाळी पलंगावरून उतरताना टाच ठणकते, त्यांना हे दुखणं सांगायला नको. त्या पायावर १०४ किलोंचा माणूस दर आठवड्याला तीस-चाळीस वेळा भार टाकत होता.

म्हणून वादातला खरा प्रश्न हा: चेंडू तरंगतोय तो वयामुळे की पायामुळे? वय परत फिरत नाही, तळपाय सहा आठवड्यांत बराच सुधारतो. टीव्हीवर दोन्हीचा पास सारखाच दिसतो. ओळखायची एकच खूण आहे, आणि ती हातात नसून पावलात आहे. पास टाकताना पुढचं पाऊल पूर्ण पडतंय की तो मागच्या पायावरच राहून फेकतोय, हे पाहायचं. कॅमेरा बहुतेक वेळा चेंडूमागे धावतो, म्हणून सामन्याचं थेट प्रक्षेपण पाहून दिलेला निकाल कुचकामी असतो.

वादातले सूर

पहिला सूर आकड्याचा: संघ पहिले सातही सामने जिंकला, जिंकणाऱ्याला हात लावू नका. हा सगळ्यात कच्चा मुद्दा. ऑकलंड रेडर्सविरुद्धचा १६-१०चा विजय घ्या. ऑफेन्सने एकही टचडाउन केलं नाही. ख्रिस हॅरिसने इंटरसेप्शन ७४ यार्ड परत नेलं आणि बाकीचे गुण किकरने आणले. पण याच मंडळींच्या हातात एक खणखणीत नाणंही होतं. दुसऱ्या आठवड्यात चीफ्सच्या मैदानावर ७ गुणांनी मागे असताना शेवटच्या मिनिटात मॅनिंगने ८० यार्डांची चढाई करून बरोबरी साधली. लगेच पुढच्या खेळीत चीफ्सच्या हातून चेंडू निसटला आणि ब्रॅडली रोबीने तो टचडाउनला नेला: ३१-२४. एक बाजू म्हणायची मॅनिंगने वाचवलं, दुसरी म्हणायची डिफेन्सने. दोघांचंही खरं होतं.

दुसरा सूर इंटरसेप्शनचा, आणि तो भक्कम होता. चीफ्सविरुद्धच्या त्या सामन्याआधी आठ सामन्यांत ९ टचडाउन, १३ इंटरसेप्शन. तिसरा सूर इज्जतीचा: एवढ्या मोठ्या खेळाडूला कधी थांबायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या. या मुद्द्याची गल्लत अशी की त्यात दोन वेगळे प्रश्न मिसळलेत. कारकीर्द कधी संपवायची हे खेळाडू ठरवतो. येत्या रविवारी सुरुवात कोण करणार हे कोच ठरवतो. शंभराव्या शतकाची वर्षभर वाट पाहताना सचिनबद्दल मराठी घराघरांत हीच गल्लत चालली होती. फरक इतकाच की फलंदाज अकरातला एक असतो, त्याचा खराब दिवस बाकीचे झाकू शकतात. क्वार्टरबॅकच्या हातात ऑफेन्सच्या जवळजवळ प्रत्येक खेळीत चेंडू येतो, त्याला खालच्या क्रमांकावर खेळायला पाठवायची सोय नाही.

चौथा सूर व्यवहाराचा: ऑस्वायलरच्या कराराचं हे शेवटचं वर्ष, मार्चमध्ये तो मोकळा होणार, मग त्याला आत्ता पाहून घ्या. हा मुद्दा कमी बोलला गेला, पण कारभाऱ्यांच्या टेबलावर तो नक्कीच होता.

राखीवाचे सात सामने

ऑस्वायलरचा पहिला सामना २२ नोव्हेंबरला, त्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी. शिकागोला १७-१५ हरवलं. पुढच्या रविवारी बर्फात, तोवर अपराजित असलेल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सना जादा वेळेत ३०-२४. शहर उसळलं. मॅनिंगचं पान उलटलं असंच सगळ्यांनी धरलं.

मग समोरच्यांनी ऑस्वायलरचे सामने पाहून अभ्यास केला. राखीव क्वार्टरबॅकच्या बाबतीत हे ठरलेलं असतं: पहिले दोन-तीन सामने त्याच्याबद्दल विरोधकांकडे माहितीच नसते. रेडर्सविरुद्ध मध्यंतराला १२-० आघाडी होती, शेवट १२-१५. पिट्सबर्ग स्टीलर्सविरुद्ध मध्यंतराला २७-१३, शेवट २७-३४. दोन्हीकडे उत्तरार्धात भोपळा. त्याची खोड अशी की तो चेंडू हातात फार वेळ धरायचा. हंगामातले दोघांचे आकडे शेजारी ठेवा:

मॅनिंग: ३३१ पास, ९ टचडाउन, १७ इंटरसेप्शन, १६ सॅक (पास टाकण्याआधीच विरोधकांनी पाडलं), रेटिंग ६७.९.
ऑस्वायलर: २७५ पास, १० टचडाउन, ६ इंटरसेप्शन, २३ सॅक, रेटिंग ८६.४.

रेटिंग पाहिलं तर प्रश्नच उरत नाही. पण रेटिंगमध्ये सॅक मोजलाच जात नाही. मॅनिंगला दर १०० पासिंग खेळींत साडेचारच्या वर सॅक, ऑस्वायलरला पावणेआठच्या आसपास. आणि खेळी सुरू होण्याआधी चुकीची खेळी बदलून योग्य रन लावण्याचे गुण तर कुठल्याच रकान्यात जात नाहीत. उलट बाजूने, मॅनिंग साडेएकोणीस पासला एक इंटरसेप्शन देत होता आणि ऑस्वायलर सेहेचाळीसला एक. प्रश्न असा उरतो की मॅनिंगला ती एक सवय सोडायला लावता येईल का?

३ जानेवारीची दुपार

शेवटच्या आठवड्यात सॅन डिएगो चार्जर्सविरुद्ध ऑस्वायलरने सुरुवात केली. संघाने पाच वेळा चेंडू गमावला. सगळा दोष त्याचा नव्हता, काही पास रिसीव्हरच्या हातांना लागून उडाले. पण संघ ७-१३ असा मागे पडला आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये क्युबियॅकने मॅनिंगला पाठवलं. स्टेडियम दणाणलं.

मॅनिंगने पुढे काय केलं ते आकड्यांत पाहा: ९ पास, ५ पूर्ण, ६९ यार्ड, ० टचडाउन, ० इंटरसेप्शन. म्हणजे काहीच विशेष नाही. त्याच्या पहिल्याच चढाईत संघ ८० यार्ड गेला आणि शेवटी अँडरसन चेंडू घेऊन आत घुसला. नंतर हिलमनने २३ यार्डांची धाव मारून सामना घेतला, २७-२०. मॅनिंगने समोरचा डिफेन्स वाचला, रन कुठे चालेल ते सांगितलं आणि चेंडू दुसऱ्याच्या हातात दिला.

त्याच दिवशी पेट्रियट्स मायामीत हरले आणि एएफसीतलं पहिलं मानांकन डेनव्हरला मिळालं. याचा अर्थ प्लेऑफचे सामने डेनव्हरच्या मैदानावर. वाद घालणाऱ्यांनी या एका गोष्टीला जितकं महत्त्व द्यायला हवं होतं, तितकं ते आजही देत नाहीत.

तीन सामने

प्लेऑफला पुन्हा मॅनिंगच. स्टीलर्सविरुद्ध २३-१६. डेनव्हरचं एकच टचडाउन, तेही धावून. किकर ब्रँडन मॅकमॅनसचे पाच फील्ड गोल (खांबांमधून मारलेल्या किक). मॅनिंगचे ३७पैकी २१, २२२ यार्ड, इंटरसेप्शन नाही. रिसीव्हरांनी बरेच पास हातातून सोडले, नाहीतर आकडे बरे दिसले असते.

पेट्रियट्सविरुद्ध २०-१८. मॅनिंगचे दोन टचडाउन, दोन्ही ओवेन डॅनियल्सला, ३२पैकी १७, इंटरसेप्शन नाही. पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याला मात्र त्या दुपारी डेनव्हरच्या बचावाने वीसेक वेळा आदळलं. घरचं मैदान इथे कामी आलं. प्रेक्षकांच्या गोंगाटात ब्रेडीचा आवाज सेंटरला ऐकू जात नव्हता, म्हणून पेट्रियट्स मुक्या खुणेवर चेंडू उचलत होते, आणि ती खूण एकदा कळली की डेनव्हरच्या व्हॉन मिलरसारखा माणूस चेंडूबरोबरच सुटतो. शेवटच्या १२ सेकंदांत पेट्रियट्सनी टचडाउन केलं, पण बरोबरीसाठी त्यांना टचडाउननंतरची दोन गुणांची खेळी करावी लागली, तिचा पास रोबीने पकडला. दोन गुणांची पाळी का आली? कारण पहिल्या क्वार्टरमध्ये त्यांच्या किकरची टचडाउननंतरची एका जादा गुणाची किक चुकली होती. ती किक लीगने त्याच हंगामापासून लांब नेली होती. अशा धाग्यांवर विजेतेपदं लोंबकळतात, आणि चाहते मग त्यावरून क्वार्टरबॅकच्या वयाचे सिद्धांत मांडतात.

७ फेब्रुवारी २०१६ रोजी सांता क्लाराच्या सुपर बोलमध्ये कॅरोलिना पँथर्सविरुद्ध २४-१०. मॅनिंगचे २३पैकी १३, १४१ यार्ड, टचडाउन नाही, एक इंटरसेप्शन, फम्बल होऊन (हातून निसटून) एक चेंडू गमावलेला, पाच सॅक. डेनव्हरच्या थर्ड डाउन (दहा यार्ड पार करायची तिसरी संधी) १४ झाल्या, त्यातली १ पार पडली. संघाचे एकूण १९४ यार्ड, सुपर बोल जिंकणाऱ्या संघाचे तोवरचे सगळ्यात कमी. मिलरने अडीच सॅक आणि दोनदा चेंडू हातातून उडवला. एकदा त्यातून थेट टचडाउन झालं, दुसऱ्यांदा चेंडू गोलपासून चार यार्डांवर मिळाला. सर्वोत्तम खेळाडू तोच.

तिन्ही सामने मिळून मॅनिंगचे ९२ पास, ५१ पूर्ण, ५३९ यार्ड, २ टचडाउन, १ इंटरसेप्शन. हात सुधारला नव्हता. ५५ टक्के पूर्ण पास हे नियमित हंगामातल्या ५९.८पेक्षाही कमी. सुधारलं ते एकच: साडेएकोणीस पासला एक इंटरसेप्शन द्यायचा तो आता ब्याण्णवला एक देत होता. थर्ड डाउन फसली की पंट (चेंडू लाथेने लांब विरोधकांकडे), दबाव आला की चेंडू बाहेर किंवा स्वतःच खाली बसायचं. डेनव्हरच्या डिफेन्सने त्या हंगामात सामन्यामागे १८.५ गुण दिले होते आणि ५२ सॅक केले होते, लीगमध्ये सर्वाधिक. असा डिफेन्स मागे असताना क्वार्टरबॅकची किंमत त्याने काय मिळवलं यावर ठरत नाही, त्याने विरोधकांना काय फुकट दिलं यावर ठरते. ३९.६चं वाक्य आठवा.

म्हणून क्युबियॅकची चूक १५ नोव्हेंबरला मॅनिंगला बसवण्यात नव्हती. पाय फाटलेला असताना त्या दिवशी सुरुवात करू देण्यात होती, आणि सामन्यानंतर त्याने तो दोष स्वतःकडे घेतलाही. सहा आठवड्यांची विश्रांती हा खरा उपचार ठरला, आणि तिने मॅनिंगला तरुण केलं नाही, फक्त पुढचा पाय रोवता येईल इतकं केलं.

हाच निकाल दुसऱ्या शहरात लावायला जाल तर फसाल. फार्वने २००९ साली मिनेसोटाकडून ४०व्या वर्षी ३३ टचडाउन आणि फक्त ७ इंटरसेप्शन केले. मग "अजून एक वर्ष" म्हणून परत आला आणि ११ टचडाउन, १९ इंटरसेप्शन. संघ तोच, मधे फक्त बारा महिने. ब्रेडी २०१९च्या शेवटी न्यू इंग्लंडमध्ये थकलेला दिसला आणि पुढच्या वर्षी चांगले रिसीव्हर मिळाल्यावर टॅम्पाकडून ४३व्या वर्षी सुपर बोल जिंकला. प्रत्येक वेळी आधी विचारायचं ते हे: पास कुठून मोडतोय, पायातून की खांद्यातून, इंटरसेप्शन कुठल्या खेळीवर होतायत, राखीवाला सॅक किती, आणि डिफेन्स किती गुणांचं ओझं उचलू शकतो. वय शेवटी.

मॅनिंग ७ मार्च २०१६ रोजी निवृत्त झाला, कापलेले ४० लाख पूर्ण वसूल करून. दोनच दिवसांनी ऑस्वायलर ह्यूस्टनकडे ४ वर्षांच्या ७ कोटी २० लाखांवर गेला. वर्षभरात त्याला घेऊन जावं म्हणून ह्यूस्टनने क्लीव्हलंडला वर ड्राफ्टमधली दुसऱ्या फेरीची निवडही दिली. डेनव्हरने २०१६मध्ये ट्रेव्हर सीमियनला खेळवलं, ९ सामने जिंकले, ७ हरले आणि प्लेऑफ हुकली.

मॅनिंगचा कारकिर्दीतला शेवटचा पास सुपर बोलच्या शेवटच्या मिनिटांतला. टचडाउननंतरच्या दोन गुणांच्या खेळीत त्याने तो बेनी फाउलरला टाकला आणि फाउलरने झेलला. दोन गुणांच्या खेळीतला पास लीगच्या हिशोबात धरत नाहीत, त्यामुळे २३पैकी १३मध्ये तो नाही, १४१ यार्डांतही नाही.